स्कीममधला समुद्र

आमच्या घरी समुद्र दर वर्षी यायचा, तो नवऱ्याच्या बॅगेतून. बॅग उघडली की आधी ओल्या टॉवेलचा खारट वास यायचा, मग हाफ पँटच्या खिशातून वाळू निघायची. ती वाळू मी जुन्या जालन्यातल्या आमच्या मोरीत वर्षानुवर्षं धुतली आहे. गोव्याची धुतली, पट्टायाची धुतली, एकदा बालीचीही धुतली. मोरीची जाळी तुंबली की तो विचारायचा, "हे कशानं तुंबून राह्यलं?" मी सांगायची नाही.

समोर मी त्याला 'अहो' म्हणते. कागदावर तेवढा मान माझ्याच्यानं देववत नाही, म्हणून इथं तो 'तो'च राहील.

त्याचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. होळी झाली की बियाणं कंपन्यांचे साहेब दुकानोदुकानी फिरतात आणि स्कीम सांगतात. आमच्या सरकीच्या, म्हणजे कपाशीच्या बियाण्याच्या, एवढ्या थैल्या खपवा, गोवा. त्याहून जास्त खपवा, थायलंड. पावसाळ्यात सरकी रानात जाते आणि दिवाळीनंतर दुकानदार विमानात. सगळ्यांचे टीशर्ट एकसारखे, टोप्या एकसारख्या, पुढे कंपनीचा बॅनर धरलेला आणि मागे कोपऱ्यात थोडासा समुद्र. सोबत जालन्यातलाच एक स्वयंपाकी महाराज नेतात, कारण तिकडं 'सगळं मासेच'. म्हणजे आमची माणसं समुद्राच्या काठावर बसून वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खातात, आणि परत येऊन सांगतात की जेवणाची सोय बराबर होती.

पहिल्या वेळी मी मोठ्या हौसेनं विचारलं होतं, समुद्र कसा होता.

"कसा म्हंजे? पाणीच की. लई पाणी."

स्कीममध्ये बायका नसतात. बायकांच्या वाट्याला बॅग भरणं असतं आणि त्यात मी एवढी तरबेज झाले की इतर दुकानदारांच्या बायकाही मला फोन करायच्या. "वहिनी, थायलंडला काय देऊ यांच्याबरोबर?" मी सांगायची. ठेचा स्टीलच्या डब्यात द्या, पण हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात. बोटीत बसायच्या आधी उलटीची गोळी. खाऱ्या पाण्यात चामड्याची चप्पल घालू देऊ नका, फुगते. फोन ठेवला की माझं मलाच हसू यायचं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा हनिमून हा शब्द मी एकदाच तोंडातून काढला होता. आमच्याकडं नवरानवरी आधी कुलदैवताला जातात, आणि जातात म्हणजे अख्खं घर जातं. जीपमध्ये सासू, सासरे, दोन नणंदा, एक चुलतसासरे आणि गोंधळाचं सामान. तुळजापूर झालं. परत येताना त्यानं पैठणला गाडी थांबवली, धरणाचं पाणी दाखवलं आणि म्हणाला, "हा बी सागरच हाय. नाथसागर." सगळे हसले, मीही हसले. नव्या नवरीला दुसरं काय करता येतं. मग जीपमध्ये बसताना तो हळूच म्हणाला, "जाऊ की आपुन. धंदा बसू दे."

धंदा बसला. चांगला पाय रोवून बसला. मी वाट पाहत राहिले.

कुणाला वाटेल, एवढं होतं तर एकटीनं जायचं होतं. आमच्या बचत गटाच्या बायका गोव्याला गेल्या तेव्हा त्यांनी मला दोनदा बोलावलं. मी गेले नाही. मला समुद्र त्याच्याबरोबर पाहायचा होता. दुकानाचा गल्ला, मोबाईल आणि 'वहिनी, मालक हायेत का' हे सगळं मागं टाकून तो एकदा माझ्या शेजारी उभा राहिलेला मला पाहायचा होता. हा माझा हट्टच होता आणि तो मी कुणाकडं बोलून दाखवला नाही, पण सोडलाही नाही.

म्हणून मी बेत करायची. शेंगदाणे भाजताना, कपडे वाळत घालताना फोनवर कोकणाचे व्हिडिओ लावून ठेवायची. मला सगळा किनारा तोंडपाठ झाला. ताम्हिणीतून उतरायचं, आगरदांड्याला गाडी बोटीत चढवायची, पलीकडं दिघी. तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा गाडी बोटीत, वेसवीला उतरायचं. मग केळशी, आंजर्ले, दाभोळची खाडी, गुहागर. कोणत्या गावात डोंगरावरून आधी माड दिसतात आणि मग पाणी, तेसुद्धा मला माहीत होतं. भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे कळल्यावर तर मला माझ्याच घरातली विद्या सापडल्यासारखं झालं. आमच्या घरात एकादशी-चतुर्थी कधी चुकत नाही; भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहून मी सांगू शकायची की आज पाणी किती वर येणार. जालन्यात बसून, जिथं नळाचं पाणी कधी येणार ते कुणाला सांगता येत नाही.

बेत मोडायचा एकाच जागी. मे ते जुलै दुकानाचा सीझन. मग फवारण्या. मग हरभऱ्या-गव्हाचं बियाणं. मग थोडी उसंत मिळायची, आणि नेमकी तीच कंपनीनं टूरला घेतलेली असायची. तिथून परत आला की तो म्हणायचा, "आत्ता तर फिरून आलो. पुन्हा काय?" एकदा मी बोटीत गाडी चढते ते दाखवायला त्याच्यासमोर फोन धरला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "बुडली म्हंजे?" झालं, बेत संपला.

दोन वर्षांमागं होळीनंतर तो जेवताना म्हणाला, "यंदा कंपनीचा नवा साहेब आलाय. अंदमान हाय. जोडीनं."

मी भाकरी टाकत होते. 'जोडीनं' हा शब्द आमच्याकडं पूजेला बसताना वापरतात. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यानं ताटावरून मान वर न करता पुढं सांगितलं, "पण टार्गेट लई मोठं हाय. व्हनार न्हाई."

ते मी करून दाखवलं, हे मी आज छाती ठोकून सांगते. माझं माहेर जाफराबादच्या पुढं आहे. तिकडचे लोक जाफराबादच्या दुकानातून सरकी घेतात, जालन्याला कोण कशाला येईल. मी एसटीनं गेले, भावाच्या घरी राहिले आणि घरोघर जाऊन चुलीपाशी बसले. कोणती सरकी लावायची हे बाप्ये ठरवतात, पण ठरवून घरीच जेवायला येतात. मी बायकांना खरं तेच सांगितलं. म्हटलं, एवढ्या थैल्या खपल्या तर मला समुद्र दिसतो. त्यांनी ते असं उचललं की जणू गावाचीच सहल निघाली आहे. भावजयीनं माझ्या भावाला दम दिला. शेजारची म्हातारी लेकाला म्हणाली, "तिकडूनच आन. पोरीचं काम हाय." भावानं टेम्पो केला आणि पुऱ्या गावाची सरकी आमच्या दुकानातून उचलली. त्या वर्षी माझ्या नावानं माहेरच्या रानात सरकी उगवली.

माहेराहून निघताना बायका जमल्या. त्यांचा आधीपासून एक वाद चालला होता. गंगेला जातात तेव्हा गंगेची खणा-नारळानं ओटी भरतात, तर समुद्राची भरायची का? शेजारची म्हातारी म्हणाली, "त्याची कशी भरती? त्यो बाप्या हाय. समद्या नद्या त्याच्याकडं नांदायला जातात." मग सगळ्यांनी मिळून तोड काढली. बाप्या माणूस घरी आला तर आपण काय करतो? टॉवेल-टोपी करतो. तर समुद्रालाही टॉवेल-टोपी. त्यांनी पांढरी टोपी, नवा टॉवेल आणि एक नारळ माझ्या पिशवीत घातला आणि मला बजावलं की कुंकू लावून पाण्यात सोडायचं आणि गावाचं नाव सांगायचं. मी सबंध रस्ताभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. एवढी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

टार्गेट पुरं झालं. दिवाळी झाल्यावर कंपनीचा साहेब आमच्याकडं जेवायला आला, सोबत शेजारचा एक दुकानदार. पुरणपोळ्या केल्या होत्या. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. जेवणं आटोपल्यावर साहेबानं फोन काढला आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमचं आधार कार्ड द्या. तिकिटं काढायची आहेत."

आधार कार्ड मी सकाळीच काढून साखरेच्या डब्याखाली ठेवलं होतं. पण सासूसमोर सून तयारच होती, असं हातात आणून द्यायचं नसतं. आमच्याकडं पहिला 'नको' हा नको नसतो. तो दाराशी चप्पल काढण्यासारखा असतो, त्याशिवाय आत जाता येत नाही. सासूला मी आत्याबाई म्हणते. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मला कशाला? आत्याबाईला न्या की. त्यांनी तरी कुठं पाह्यलाय समुद्र."

पुढचं वाक्य सासूबाईंचं होतं. ते कोणतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं: 'मला ह्या वयात कुठं, तुमी जा जोडीनं.' त्यावर मी आणखी एकदा नको म्हणायचं, मग साहेबानं आग्रह करायचा आणि मग मी नाइलाज झाल्यासारखी आत जाऊन कार्ड आणायचं. सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात नवरा म्हणाला, "बराबर म्हनती ती. आईचंच लिहा."

साहेब भारावला. म्हणाला, आजच्या काळात असा मुलगा पाहायला मिळत नाही. शेजारच्या दुकानदारानं तर मान डोलावून "पुण्य हाय हे" असंही म्हणून टाकलं. सासूबाईंचं तोंड उघडं होतं ते त्यांनी मिटलं. एवढ्या कौतुकात त्या आता काय बोलणार होत्या? त्यांनी नको म्हटलं असतं तर लेकाचा पाणउतारा, आणि मी काही बोलले असते तर मी म्हातारीच्या तोंडचा घास काढणारी.

पाहुणे गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"मी म्हणले म्हणून तुम्ही लगेच लिहून देणार?"

"तूच म्हनलीस ना? मी काय माझ्या मनानं बोललो?"

"तसं म्हणावं लागतं. तुम्हाला माहीत नाही?"

"आता साहेबासमोर बदलून घेऊ का? आईला काय वाटंल?"

त्याला माहीत नसेल, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. दुकानात गिऱ्हाईक 'चहा नको' म्हणालं तर हा माणूस त्याला हाताला धरून बसवतो, दुसऱ्यांदा नको म्हणालं तर रागावतो, आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. नको कोणतं खरं आणि कोणतं तोंडदेखलं, यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे. त्याला माझंच तेवढं कळलं नाही?

मग माझं कौतुक सुरू झालं. ते मला जास्त लागलं. गल्लीत, बचत गटात, नणंदांच्या फोनवर एकच: तू किती मोठ्या मनाची, स्वतःचं तिकीट सासूला दिलं. मी तिकीट दिलं नव्हतं, माझ्या हातातून ते गेलं होतं. पण मोठं मन एकदा गळ्यात बांधलं की ते काढून ठेवता येत नाही. मी मान खाली घालून हसायची आणि आतून जळायची. दुकानदारांच्या ग्रुपवर सासूबाईंचा विमानाच्या खिडकीपाशी बसलेला फोटो आला, खाली हात जोडलेली चित्रं आणि 'श्रावणबाळ' असे शंभर निरोप. भावजयीचा फोन आला, "गेल्ता का समंदर पाह्यला?" मी सांगितलं, आत्याबाई गेल्या. ती म्हणाली, "बरं केलं बाई." तिच्या आवाजात बरं काही नव्हतं.

बॅग अर्थात मीच भरली. सासूबाईंचं गुडघ्याचं तेल, दोन नऊवारी, गोळ्या. टॉवेल-टोपी आणि नारळही त्यांच्याच बॅगेत ठेवला आणि काय करायचं ते समजावून सांगितलं. नारळ नवऱ्यानं काढून ठेवला. म्हणाला, तिकडं नारळाला काय तोटा हाय. टॉवेल परत आला. ओला, चुरगळलेला, वाळूनं भरलेला. त्यानं तो अंग पुसायला वापरला होता. टोपीचं काय झालं ते मी विचारलं नाही. टॉवेल मात्र धुतला नाही, तसाच उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकला.

सासूबाई परत आल्यावर बायका ऐकायला जमल्या. त्यांनी विमान सांगितलं, हॉटेलातली लिफ्ट सांगितली, कंपनीनं दिलेली शाल दाखवली. समुद्राचं विचारलं की म्हणायच्या, "दिसतो की खिडकीतून." मला वाटलं, म्हातारीला सांगता येत नाही. तिचा मला राग येत होता आणि तो येतोय याची लाजही वाटत होती. तिनं तरी आयुष्यात काय पाहिलं होतं? सासऱ्यांनी तिला तालुक्याच्या बाजाराला कधी नेलं नाही. माझ्या जागी दुसरी कुणी गेली असती तर मी सुखानं शिव्या दिल्या असत्या. हिला देता येईना.

संक्रांतीच्या आसपास आम्ही दोघी दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "तितं समद्यांच्या बायका आल्त्या."

मी पुढची शेंग उचलली.

"समद्या जोड्या. एक मीच म्हातारी. त्याला काई वाटलं न्हाई. मला लाज वाटली, मी खोलीतून खाली गेलेच न्हाई."

"त्यांनी नेलं नाही पाण्यापाशी?"

"त्यो दुकानवाल्यांसंगं. मी बसले खिडकीत." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "इमानात बसल्यावर मी त्याला इचारलं. म्हनलं, बाबा, ती नुसतं तोंडदेखलं म्हनली व्हती. तुला कळलं न्हाई का? म्हनला, कळलं की. म्हनलं, मंग? म्हनला, तिला नेऊन चार दिवस बोलायचं काय तिच्यासंगं?"

हे त्यांनी मला टोचायला सांगितलं नाही. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. बहुतेक इतके दिवस त्यांना ते पोटात ठेववत नव्हतं, आणि सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या पुढं म्हणाल्या, "तुला म्हाईत असू दे." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

मी आधी चिडले. मनातल्या मनात त्याला म्हटलं, इतक्या वर्षांत तू बोलून पाहिलंस तरी कधी? दुकानातून आला की ताट, ताटावरून उठला की फोन. पण चिडून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. मी रस्ते ठरवले होते, बोटी ठरवल्या होत्या, भरतीच्या वेळा, मुक्कामाची गावं, त्याचे शर्टसुद्धा. त्या सगळ्या बेतांमध्ये आम्ही दोघं गाडीत बसलेलो असायचो, तो गाडी चालवायचा, मी खिडकीतून पाहायची. इतक्या वर्षांत एकाही बेतात तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि मीही त्याच्याशी नाही. बोलणं मी कधी ठरवलंच नव्हतं, कारण ते कसं असेल याची मला कल्पनाच करता येत नव्हती.

समुद्र न पाहता माणूस मरत नाही. आमच्या जिल्ह्यात किती पिढ्या तशाच आल्या आणि गेल्या. पण हे एकदा ऐकल्यावर रोज सकाळी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून त्याच्या समोरच्या खुर्चीत कसं बसायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.